आधी कृपा, मग निर्धार

१९३३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी धर्मकार्य करणारी एक मंडळी आली. गाव टायरच्या कारखान्यांचे. तिथल्या एका मोठ्या टायर-उद्योगपतीचा दारूच्या आहारी गेलेला मुलगा या मंडळींच्या सहवासात सावरला होता, आणि त्या कृतज्ञतेपोटी बापाने त्यांना गावात बोलावले होते. ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या नावाने ती ओळखली जात. कोणाच्या तरी घरी जमायचे, बायबल वाचायचे, शांत बसायचे, मन मोकळे करायचे, अशा त्यांच्या बैठका असत. त्या बैठकांना जाऊ लागलेल्यांत डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यचिकित्सक होते. घरात धार्मिक संस्कार, पत्नी भक्तिमान, स्वतः डॉक्टर असल्यामुळे दारू यकृताचे काय करते हे पक्के ठाऊक. सुमारे अडीच वर्षे ते या बैठकांना जात राहिले, वाचत राहिले, गुडघे टेकून प्रार्थना करत राहिले, आणि पीतही राहिले. १२ मे १९३५ या दिवशी त्यांची गाठ बिल विल्सन या न्यूयॉर्कच्या माणसाशी पडली. विल्सन शेअर बाजारातला, दारूपायी बुडालेला, आणि जेमतेम पाच महिन्यांपासून कोरडा. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असे बजावून आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक वेळ बोलत बसले. पुढे एकदा ते घसरले, पण १० जून १९३५ चा घोट त्यांचा अखेरचा ठरला. १९५० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही.

व्यसन आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्या नात्याविषयी काही समजून घ्यायचे असेल तर या प्रसंगापाशी नीट थांबले पाहिजे. कारण त्या सहा तासांत डॉक्टरांच्या आयुष्यात नवीन असे काय आले, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. श्रद्धा आधीच होती. सत्संगही होता, आणि तो चांगल्या, कनवाळू माणसांचा होता. भेटीच्या थोडेच आधी त्यांनी आपल्या चोरट्या पिण्याची कबुली बैठकीत देऊन टाकली होती आणि सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. वैद्यकीय ज्ञान तर त्यांच्यापाशी समोरच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक होते. नवीन होता तो बोलणाऱ्याचा पवित्रा. विल्सन डॉक्टरांना सुधारायला आलाच नव्हता. धंद्याचे एक काम फिसकटले होते, हॉटेलच्या दालनात एकीकडे बार खुणावत होता, आणि आत्ता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर आपणच पिऊ, हे त्याला कळून चुकले होते. म्हणून त्याने हॉटेलातल्या चर्चच्या यादीवरून एका पाद्र्याला फोन लावला आणि तिथून धागा धरत तो डॉक्टरांपर्यंत पोचला. मदत मागायला आलेला माणूसच मदत देऊन गेला. या प्रस्तावनेत मला जे मांडायचे आहे ते याच प्रसंगातून निघते. ख्रिस्ती परंपरेने व्यसनमुक्तीला जे दिले त्याचे मर्म उपदेशात किंवा शपथेत नाही. आधी स्वीकार आणि मग बदल, हा क्रम तिने दिला, आणि तो क्रम तिथेच खरा ठरला जिथे स्वीकारणारी माणसे स्वतःही तितकीच दुबळी होती.

आपल्याकडची रीत बहुतांशी उलट आहे. आधी सोड, मग घरात ये. आईच्या गळ्याची शपथ घे, देवापुढे हात ठेव, माळ घाल, आणि मग आम्ही तुला माणसांत घेऊ. माळ घालून दारू सुटलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. मात्र माळेने जे साधले त्यात वारीचा, दिंडीचा, शेजारी चालणाऱ्या माणसाचा वाटा किती आणि एकट्याच्या निग्रहाचा किती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ज्याची शपथ मोडते त्याच्या वाट्याला दुहेरी शिक्षा येते. दारू असतेच, वर शपथभंगाची लाज चढते, आणि ती लाज विझवायला पुन्हा दारूच हाताशी असते. व्यसनाने पोखरलेला भाग निर्धाराचाच असतो. मोडलेल्या पायाच्या माणसाला चालून दाखव, मग प्लॅस्टर घालतो, असे आपण म्हणत नाही, पण व्यसनी माणसाला मात्र नेमके तेच सांगतो.

हा पेच ख्रिस्ती विचाराने फार जुन्या काळी ओळखला होता, आणि तोही दारूच्या संदर्भात नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की चांगले करण्याची इच्छा आपल्यापाशी आहे, पण हातून घडते ते नेमके नको असलेलेच. पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की माणसाने मनावर घेतले तर तो स्वबळावर सन्मार्गाने चालू शकतो. ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला. इच्छाशक्तीच जखडलेली असेल तर ती स्वतःला कशी सोडवणार, हा त्याचा मुद्दा होता. ईश्वराची कृपा आधी, माणसाचे पाऊल नंतर. लूककृत शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत मराठी वाचकालाही परका नाही. त्यात बाप वाट पाहत उभा असतो, मुलगा दूर असतानाच धावत जातो, आणि मुलाने पाठ करून आणलेले क्षमेचे वाक्य पुरते संपूही देत नाही. मुलगा सुधारला आहे की नाही याची चौकशी त्या क्षणी होत नाही. धर्मशास्त्रातला हा शेकडो वर्षांचा वाद पुढे न्यूयॉर्कच्या गलिच्छ गल्ल्यांत एक व्यवहारी प्रश्न होऊन उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात दारूविरोधी कार्याच्या दोन वाटा झाल्या. एक शपथेची. आयर्लंडमध्ये फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली कॉर्क शहरात सुरू केलेल्या चळवळीत लाखो लोकांनी दारू न पिण्याची शपथ घेतली. तिचा परिणाम काही वर्षे खरोखरच जाणवला, पण पुढे दुष्काळाचा तडाखा बसला आणि ती लाट ओसरली. दुसरी वाट पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांना हात देण्याची. १८४० साली बाल्टिमोरमधल्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी मिळून ‘वॉशिंग्टोनियन’ मंडळ काढले. त्यांच्या सभांत माजी मद्यपी आपली कहाणी सांगत. ही चळवळ वणव्यासारखी पसरली आणि काही वर्षांत विझलीही, कारण ती दारूबंदीच्या राजकारणात आणि फर्ड्या वक्त्यांच्या कौतुकात वाहवत गेली. या अपयशाचे महत्त्व मोठे आहे. दुबळ्यांनी एकमेकांना धरणे ही योग्य दिशा होती, पण त्या वर्तुळाला एकत्र ठेवणारे, माणसांच्या अहंकाराहून मोठे असे काही मधोमध नव्हते. ते १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर आले. जेरी मॅकॉली हा आयर्लंडमधून आलेला, नदीवरच्या बोटी लुटणारा, सिंग सिंग तुरुंगात शिक्षा भोगलेला माणूस. तुरुंगात त्याला श्रद्धा लाभली, सुटल्यावर तो अनेकदा घसरला, आणि अखेर त्याने आपल्यासारख्यांसाठीच ३१६ वॉटर स्ट्रीट येथे मिशन उघडले. तिथे रात्री येणाऱ्याला अन्न मिळे, ऊब मिळे आणि ऐकायला मिळे ती पूर्वी पिणाऱ्याची साक्ष. त्याच सुमारास, १८७७ साली, जिनिव्हात लुई-ल्यूसियाँ रोशा या पाद्र्याने ‘ब्लू क्रॉस’ काढला. त्यातला एक नियम मला विशेष वाटतो: मद्यपी सावरावा म्हणून मदत करणाऱ्यानेही स्वतः प्याला खाली ठेवायचा. गरज नसताना आजाऱ्याचे पथ्य आपणही पाळायचे, हा सोबतीचा फार सुंदर अर्थ आहे.

वॉटर स्ट्रीटपासून ॲक्रनपर्यंतची साखळी सलग दाखवता येते. मॅकॉलीच्या पश्चात ते मिशन चालवणारे सॅम्युएल हॅडली हे स्वतः दारूतून उठलेले. त्यांच्या परिवर्तनाची हकीकत तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी धार्मिक अनुभवांवरच्या आपल्या १९०२ च्या प्रसिद्ध ग्रंथात घेतली. त्यांच्या मुलाने पुढे न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे मिशन उभारण्यात हात दिला. सॅम शूमेकर हे त्या चर्चचे रेक्टर आणि ऑक्सफर्ड ग्रुपचे अमेरिकेतले एक प्रमुख. एबी थॅचर हा बिल विल्सनचा शाळेपासूनचा पिणारा मित्र याच ग्रुपमुळे तात्पुरता सावरला, त्या मिशनमध्ये राहिला, आणि १९३४ च्या नोव्हेंबरात विल्सनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी येऊन बसला. समोर आलेला प्याला त्याने नाकारला. डिसेंबरात विल्सन शेवटचा इस्पितळात गेला, तिथे त्याला एक तीव्र आध्यात्मिक अनुभव आला, आणि जेम्सचा तो ग्रंथ वाचून त्याला त्या अनुभवाचा अर्थ लागला. इथे एका तपशिलाकडे भाविक आणि अश्रद्ध दोघेही दुर्लक्ष करतात. त्या प्रकाशाच्या अनुभवानंतर विल्सन पाच-सहा महिने दारुड्यांना गाठून गाठून आपला साक्षात्कार सांगत होता आणि त्यातला एकही सुधारला नाही. डॉ. सिल्कवर्थ या त्याच्या डॉक्टरांनी त्याला समजावले की प्रवचन थांबव, आधी या आजाराचे कठोर वास्तव सांग. ॲक्रनमध्ये त्याने तेच केले. साक्षात्कार खरा होता, पण तो वरून खाली वाटता येत नव्हता. बरोबरीने बसल्यावरच तो दुसऱ्याच्या उपयोगी पडला.

यातून जी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली तिने ऑक्सफर्ड ग्रुपकडून पुष्कळ घेतले: आपल्या दोषांची झाडाझडती, दुसऱ्या माणसापाशी कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई, दुसऱ्या पीडितासाठी धाव. ॲक्रनच्या सुरुवातीच्या सदस्यांना नव्या करारातले याकोबाचे पत्र इतके प्रिय होते की संघटनेला याकोबाचे नाव द्यावे असाही विचार निघाला होता. (ऑक्सफर्ड ग्रुपचे प्रवर्तक फ्रँक बुकमन यांनी १९३८ मध्ये त्याच चळवळीला नैतिक पुनरुत्थानाचे नवे रूप दिले. तिचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र १९६८ पासून आपल्या पाचगणीत उभे आहे, हे मराठी वाचकाने जरूर लक्षात घ्यावे.) तरीही १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या आणि १९३९ मध्ये ॲक्रनच्या मद्यपींनी त्या ग्रुपपासून फारकत घेतली, आणि ती का घेतली यात पुन्हा आपला मुद्दा सापडतो. ग्रुपला पूर्ण प्रामाणिकपणा, पूर्ण शुद्धता, पूर्ण निःस्वार्थीपणा आणि पूर्ण प्रेम हवे होते. ज्याला आजचा एक दिवस न पिता काढायचा आहे त्याच्या डोक्यावर ‘पूर्ण’ हा शब्द धोंड्यासारखा बसतो. १९३९ च्या एप्रिलमध्ये आलेल्या संघटनेच्या पुस्तकात तिच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा ईश्वर या शब्दाला ‘आपल्याला उमगलेला’ अशी जोड मिळाली. ती संघटनेतल्या अश्रद्ध सदस्यांच्या आग्रहामुळे. काही ख्रिस्ती टीकाकारांना ही पातळ केलेली श्रद्धा वाटते. मला ती कृपेच्या सिद्धान्ताशी अधिक इमानी वाटते. प्रवेशासाठी अट घातली की कृपा उरत नाही.

त्या काळात चर्चची चौकट सोडून गेलेल्या या चळवळीला चर्चच्या आतून मिळालेला हातही विसरता येणार नाही. ॲक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात दारुड्यांना खाट मिळत नसे. इतर इस्पितळांतही नसे. सिस्टर इग्नेशिया या नाजूक प्रकृतीच्या जोगिणीकडे रुग्ण दाखल करून घेण्याचे काम होते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये डॉ. स्मिथ यांच्या सांगण्यावरून तिने अशा एका रुग्णाला निराळ्याच आजाराच्या नावाखाली आत घेतले, आणि पुढे त्या दोघांनी मिळून जवळपास पाच हजार मद्यपींवर उपचार केले. घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती येशूच्या पवित्र हृदयाचा एक छोटा बिल्ला ठेवी. अट एकच: पुन्हा प्यावेसे वाटले तर पहिल्या घोटाआधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा. शपथेच्या आणि या बिल्ल्याच्या रचनेतला फरक पाहावा. शपथ मोडली की दार बंद होते, बिल्ला परत करायचा तर दारापाशी यावेच लागते.

हा सगळा इतिहास भावणारा असेल, पण पुरावा काय, असे कोणी विचारेल तर ते योग्यच आहे. साक्षींचा पुरावा एकतर्फी असतो. जे सावरले ते बोलायला उभे राहतात, जे बुडाले ते दिसत नाहीत. धार्मिक निवासी केंद्रांनी वेळोवेळी दिलेले सत्तर-ऐंशी टक्क्यांचे आकडे म्हणूनच मी बाजूला ठेवतो. पूर्ण कार्यक्रम पार केलेल्यांनाच मोजले आणि मध्येच निघून गेलेल्यांना सोडले तर कुठलाही उपाय रामबाण दिसतो. भरवशाचा पुरावा अधिक संयत आहे. २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात केली, हम्फ्रीज आणि फेरी यांनी २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती तपासली. बारा पायऱ्यांच्या बैठकांशी रुग्णाला पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारात बारा महिन्यांनी सलग दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के, तर इतर मानसोपचार पद्धतींत ३५ टक्के आढळले. सात टक्क्यांचा फरक हा चमत्कार नव्हे. पण पैसे न घेता, आयुष्यभर, जवळच्याच वस्तीत उपलब्ध असलेली गोष्ट प्रशिक्षित तज्ज्ञांच्या उपचाराच्या तोडीस तोड किंवा थोडी सरस ठरावी, ही वैद्यकशास्त्राने दखल घ्यावी अशी बाब आहे. अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ रुग्णांच्या अभ्यासात तीन वर्षांनी आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या भोवतीचे सगळे गणगोत पिणारे होते त्यांना बारा पायऱ्यांच्या वाटेचा लाभ विशेष झाला, कारण तिने त्यांना न पिणाऱ्यांचे नवे गणगोत दिले. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी मद्यपींच्या आयुष्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. १९८३ च्या त्यांच्या ग्रंथात टिकाऊ मुक्तीशी निगडित म्हणून जे घटक येतात त्यांत नवी प्रेमाची नाती आणि आशा जागवणारा, बहुधा धार्मिक, समूह हे दोन आहेत.

मग श्रद्धेची गरजच काय, सोबत पुरेशी आहे, असा आक्षेप याच पुराव्यातून निघतो. तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यातले अर्धे मी मान्य करतो. ईश्वराचे नाव न घेता माणसे सावरतात. पुण्याचे मुक्तांगण हे त्याचे आपल्यासमोरचे मोठे उदाहरण आहे. १९८६ मध्ये अनिल आणि अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ते उभे केले आणि तिथला स्नेह कोणत्याही पंथाचा मिंधा नाही. केली यांच्याच अभ्यासात मात्र असेही दिसते की सौम्य व्यसनात सामाजिक नात्यांचा वाटा मोठा आणि आध्यात्मिकतेचा कमी असतो, तर ज्यांचे व्यसन अतिशय तीव्र आहे त्यांच्यात आध्यात्मिक बदलाचा वाटा वाढतो. मला याचे कारण असे दिसते. ज्याने पगार उडवला तो पगार परत मिळवू शकतो. पण ज्याच्या हातून बायकोचा, पोरांचा असा काही गुन्हा झाला आहे जो भरून येणार नाही, ज्याच्या आईने त्याची वाट पाहत डोळे मिटले, त्याला न पिता जगणे हेच असह्य होते, कारण शुद्धीवर आले की हिशेब समोर उभा राहतो. त्याचे समुपदेशक सांत्वन करू शकतात, मित्र कुशीत घेऊ शकतात, पण मेलेल्या माणसाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांपैकी कोणाचाही नाही. फेडता न येणाऱ्या ऋणाचे काय करायचे, या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी गाभ्यातच उत्तर आहे. ते स्वीकारणे न स्वीकारणे ज्याचे त्याने ठरवावे, पण त्या प्रश्नाचा भार खरा आहे. आणि क्षमेचे ते आश्वासन हवेत राहू नये यासाठी ते कोणाच्या तरी तोंडून, खांद्यावर हात ठेवून, ऐकू यावे लागते. म्हणून श्रद्धा आणि सोबत यांना वेगळे करून कोणती अधिक गुणकारी हे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. श्रद्धा होती पण बरोबरीचा सोबती नव्हता तोवर डॉक्टर स्मिथ पीतच होते, आणि नुसत्या सोबतीवर उभे राहिलेले वॉशिंग्टोनियन विखुरले.

एका नशेच्या जागी दुसरी आली, धर्म हीसुद्धा अफूच, हे म्हणणे जुने आहे. त्याला मी झटकून टाकत नाही. व्हेलंट यांनीही पर्यायी अवलंबन हा सावरण्याचा एक घटक मानला आहे. फक्त कोणत्या अवलंबनाने काय होते हे पाहावे: एकाने माणूस घरातल्यांना दिसेनासा होतो, दुसऱ्याने तो संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या एखाद्या थरथरणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसतो. सक्तीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अगतिक माणसाला आधाराच्या बदल्यात धर्म विकू नये, हे मी ख्रिस्ती श्रद्धेच्याच नावाने म्हणतो. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९६ मध्ये ग्रिफिन विरुद्ध कॉफलिन या खटल्यात निकाल दिला की कैद्याच्या सवलती बारा पायऱ्यांच्या हजेरीला बांधता येणार नाहीत, कारण त्यात धर्माची सक्ती आहे. मला तो निकाल बरोबर वाटतो. भारतात तर धर्मांतराच्या संशयाचे सावट अशा प्रत्येक कामावर असते, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर वांद्र्याने दिले आहे. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी तिथल्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात व्यसनमुक्तीचे काम सुरू केले. ते स्वतः बारा पायऱ्यांनी सावरलेले धर्मगुरू आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी उपचारात योगासने आणली आणि संस्थेचे नाव ठेवले ‘कृपा’. हा शब्द निवडण्यात मोठी समज आहे. मराठी ख्रिस्ती माणूस तो पौलाच्या पत्रांत वाचतो, वारकरी तो अभंगांत ऐकतो, आणि दोघांनाही त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. मुंबईत बारा पायऱ्यांच्या कितीतरी बैठका चर्चच्या शाळांत भरतात. त्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळे असतात, आणि ‘बर्थडे’ला, म्हणजे दारू सोडल्याच्या वाढदिवसाला, टाळ्या सगळे मिळून वाजवतात.

औषधोपचाराविषयी मात्र श्रद्धावंतांना स्पष्ट बजावले पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत त्याची जागा इस्पितळात आहे. गर्दच्या व्यसनात तर आणखी धोका आहे. काही महिने निवासी केंद्रात कोरडे राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि बाहेर पडून जुन्याच मात्रेने घेतले तर ती जीवघेणी ठरते. अशा रुग्णाला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दिले म्हणजे तो ‘खरा’ मुक्त नाही, असे म्हणणाऱ्या प्रार्थनागटांनी अनर्थ केले आहेत. विल्सनची भूमिका कशी होती, हे मेथाडोन उपचाराचे एक जनक डॉ. व्हिन्सेंट डोल यांनी नोंदवले आहे. ते स्वतः मद्यपी नसलेले, पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे विश्वस्त होते. मद्यपींनाही असे काही औषध सापडते का पाहा, अशी विनंती विल्सनने त्यांना केली होती. ज्याने सारे आयुष्य बैठकांना दिले त्याला गोळीची भीती वाटली नाही.

शेवटचा आक्षेप चर्चवर आहे, आणि तो ख्रिस्ती माणसाने स्वतःच घ्यायला हवा. वसईपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला दारू हा रिवाज आहे. सणाच्या दिवशी प्याला नाकारणारा पाहुणा यजमानाला टोचतो, आणि तोच पाहुणा उद्या गटारात सापडला तर त्याच्याविषयी कुजबुज होते. आपणच पाजायचे आणि आपणच पापी ठरवायचे, हा दुटप्पीपणा आहे. दारुड्याच्या बायकोला तर ‘क्रूस वाहा’ असे सांगून मारहाणीच्या घरी परत पाठवण्याचेही प्रकार धर्माच्या नावाने होत आले. बिल विल्सनची पत्नी लोइस आणि तिच्या सोबतिणींनी १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘ॲल-ॲनॉन’ काढली ती नवऱ्याला सुधारण्यासाठी नव्हे. त्या स्त्रियांनाही स्वतःचे आजारपण होते आणि त्यांनाही कोणीतरी आधी स्वीकारायला हवे होते. स्त्री स्वतः पिणारी असेल तर तिची लाज दुप्पट, आणि तिच्यासाठी खुर्ची मात्र अजूनही कमी ठिकाणी मांडलेली असते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात थोरला भाऊ शेवटी अंगणातच उभा असतो. तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही.

हा विषय मराठीत सविस्तर यावा याची निकड एका आकड्यातून कळते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाने कुठला ना कुठला उपचार घेतल्याचे सांगितले. उरलेल्या ३७ जणांपर्यंत मनोविकारतज्ज्ञ पोचायला पिढ्या जातील. पण त्यांच्या हाकेच्या अंतरावर कुठे ना कुठे एखादे देऊळ, चर्च, शाळा, समाजमंदिर आहे आणि तिथे संध्याकाळी दहा खुर्च्या गोलाकार मांडता येतात. त्यांवर बसणाऱ्यांपैकी काही जण घसरतील. घसरणे म्हणजे अपयश मानायचे का, याचा निर्णय घेण्यापूर्वी एबी थॅचरकडे पाहावे. ज्याच्या एका भेटीतून जगभरच्या लाखो माणसांची वाट निघाली तो एबी त्या भेटीनंतर तीस वर्षे पुन्हा पुन्हा पीत राहिला, पुन्हा पुन्हा उठवला गेला. विल्सन त्याचा खर्च पाहत राहिला आणि शेवटपर्यंत त्याला आपला ‘स्पॉन्सर’च, म्हणजे वाट दाखवणारा सोबतीच, म्हणत राहिला. एबीची अखेरची सुमारे दोन वर्षे न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या शुश्रूषागृहात गेली. १९६६ च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा तो प्यायलेला नव्हता.